जुन्या धुराड्यात लोखंडी चूल बसवायची असेल तर: माझ्या अनुभवातून, एकेक पायरी

आमचं घर साक्री तालुक्यात, आजोबांनी बांधलेलं, विटा-मातीच्या जाड भिंती, वर धाबं (मातीचं सपाट छप्पर), आणि स्वयंपाकघरात चुलीच्या ओट्यावर विटांची कमान करून तिथूनच सरळ वर धाब्यातून बाहेर काढलेलं धुराडं. आई अजून तिथेच राहते. गॅस आहे, सकाळचा चहा, वरण-भात गॅसवरच होतो, पण पौष-माघात आमच्याकडे जी थंडी पडते (थंडीची लाट आली की धुळ्यात पारा १० अंशाच्या खाली जातोच) तेव्हा संध्याकाळी चूल लागतेच, भाकरी, अंघोळीचं पाणी आणि शेकायला पण. उघड्या चुलीचा अर्धा धूर धुराड्यात आणि अर्धा घरात, म्हणून मी दोन वर्षांपूर्वी भंगारात मिळालेली एक जुनी ओतीव लोखंडाची बंद चूल आणली, पुढे दार, वर दोन झाकणं, मागे धूर जायला ६ इंची तोंड.

आणि मी ती चुकीची बसवली. मागच्या तोंडाला दोन फूट पाइप लावला, तो कमानीतून धुराड्यात घुसवला, बाजूची फट वीट-मातीने बुजवली, झालं. पहिले चार दिवस मस्त चाललं. मग हळूहळू दार उघडलं की धूर अंगावर यायला लागला, भिंतीवर तपकिरी चिकट ओघळ आले, आणि एका संध्याकाळी आई म्हणे "भाऊ, मन्हं डोकं दुखी राह्यनं", बाहेर ओट्यावर जाऊन बसली की बरं वाटायचं, आत आली की पुन्हा सुरू. ही कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूची लक्षणं आहेत हे मला तेव्हा लगेच लक्षात आलं नाही, दुसऱ्या दिवशी आलं. ह्या वायूला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नसला तरी तो घरात असू शकतो. त्या दिवसापासून चूल बंद केली आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळं काढून नव्याने बसवलं. गावातल्या म्हाताऱ्या गवंडीबाबांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "पहिले धुराडं देख भाऊ, मंग चूल." मी ऐकलं नव्हतं. खालचा सगळा क्रम त्यांच्या त्या एका वाक्यावर आहे.

१. आधी धुराडं तपासा, चूल नंतर आणा

हे काम फाल्गुन-चैत्रात करा. पाऊस नाही, धाब्यावर चढता येतं, आणि चूल बंद असल्याने धुराडं गार असतं.

सगळ्यात आधी वरून आणि खालून टॉर्च मारून बघा. आमच्या धुराड्यातून पारव्यांच्या घरट्याचं अर्ध पोतं काड्या निघाल्या. गांधीलमाशा किंवा मधमाशांचं पोळं असेल तर स्वतः हात घालू नका, माहितगार माणूस बोलवा.

मग ओळंबा सोडा. वरून दोरी सोडली आणि ती खाली सरळ मधोमध आली तर धुराडं सरळ आहे. आमचं धाब्याच्या खाली साधारण चार बोटं एका बाजूला सरकलेलं होतं, वरून नुसतं बघून कळालं नसतं. त्यानंतर जो पाइप घालायचा त्याच्यापेक्षा एक इंच मोठा गोल डबा दोरीला बांधून वरून खालपर्यंत सोडा. डबा कुठे अडकला तर तिथे पाइपही अडकणार. डब्याला खालूनही एक दोरी बांधा, नाहीतर तो मधेच अडकून बसला तर काढणं अवघड.

आता धुराची टेस्ट. धुराड्याचं वरचं तोंड ओल्या पोत्याने बंद करा, खाली कमानीत थोडा ओलसर पाला (निंबाचा चालतो) पेटवून भरपूर धूर करा, खालचं तोंड पण पत्र्याने झाका आणि घरभर फिरून बघा धूर कुठून बाहेर येतोय. शेजारच्या खोलीत, भिंतीच्या कोपऱ्यात, धाब्याच्या कडेला, सगळीकडे. दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना तेवढा वेळ बाहेर बसवा. आमच्याकडे दोन ठिकाणी विटांच्या सांध्यातून धूर निघाला, जुनी माती झडून गेली होती.

आणि ह्या सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकूड कुठे टेकलंय ते बघा. जुन्या घरांत धाब्याचे सरे (लाकडी तुळया) बिनधास्त धुराड्याच्या विटांत टेकवलेले असतात. उघड्या चुलीच्या वेळी धूर कोमट असायचा म्हणून पन्नास-साठ वर्षं काही झालं नाही. बंद लोखंडी चुलीचा धूर खूप जास्त गरम असतो, आणि लाकूड वर्षानुवर्षं भाजत राहिलं की ते आतून कोळशासारखं होतं आणि मग नवीन लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं. आमचा एक सागवानी सरा असाच निघाला, टोक काळं पडलेलं. गवंडीबाबांनी ते टोक मागे कापलं आणि खालून लोखंडी टेकू दिला. विटांचं धुराडं आणि लाकूड ह्यांच्यात कमीत कमी २ इंच मोकळी जागा पाहिजे, आणि ती जागा मोकळीच ठेवायची, तिथे चिंध्या, भुसा, काही भरायचं नाही.

२. छोटं गणित, पण टाळू नका

माझं पहिल्यांदा कुठे चुकलं ते ह्या गणितात आहे.

चुलीचं धुराचं तोंड ६ इंची गोल, म्हणजे क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच. आमचं धुराडं आतून १४ बाय १४ इंच, म्हणजे १९६ चौरस इंच. सात पट! चुलीतून निघालेला धूर एवढ्या मोठ्या पोकळीत शिरला की पसरतो, थंड होतो, वर चढायची ताकदच राहत नाही. धूर थंड झाला की त्यातलं पाणी आणि डांबरासारखा चिकट भाग विटांवर जमतो, त्यालाच क्रिओसोट म्हणतात, भिंतीवरचे ते तपकिरी ओघळ म्हणजे तेच. आणि ते पेट घेतं, हे पुढे सांगतो.

साधा नियम असा की विटांच्या धुराड्याचं आतलं क्षेत्रफळ चुलीच्या तोंडाच्या तीन पटीपेक्षा जास्त नको, आणि धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर दोन पटीपेक्षा जास्त नको, कारण बाहेरच्या भिंतीतलं धुराडं जास्त थंड राहतं. आपल्याकडची जुनी धुराडी उघड्या चुलीसाठी बांधलेली, त्यामुळे बहुतेक सगळी ह्या नियमात नापास होतात. उपाय एकच, चुलीच्या तोंडाएवढाच स्टीलचा पाइप चुलीपासून धुराड्याच्या टोकापर्यंत अखंड न्यायचा. जुनं धुराडं मग फक्त त्या पाइपाचं कवच.

खर्च वाचवायला पाइप अर्ध्यात सोडू नका. मला शेवटी चुलीपेक्षा तिप्पट पैसे पाइपाला लागले, आणि तेच पैसे सगळ्यात कामाला आले.

उंचीचं पण बघून घ्या. चुलीपासून टोकापर्यंत १२ ते १५ फुटांपेक्षा कमी उंची असेल तर ओढ (धूर वर खेचायची ताकद) कमी पडते. आणि टोक धाब्यातून जिथे बाहेर पडतं तिथून कमीत कमी ३ फूट वर पाहिजे, शिवाय १० फुटांच्या आत जे काही उंच असेल (शेजाऱ्याची गच्ची, कठडा, पाण्याची टाकी) त्याच्यापेक्षा २ फूट वर पाहिजे. आजोबांनी बांधलं तेव्हा आजूबाजूला सगळी धाबीच होती, आता शेजारी स्लॅब आणि वर टाकी आलीय, त्यामुळे आम्हाला पाइप जुन्या धुराड्याच्या वर अजून साडेतीन फूट काढावा लागला. आमच्या भागात वारा किती असतो ते वेगळं सांगायला नको, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उगीच नाही उभ्या केल्या. टोक बुटकं राहिलं तर वारा शेजारच्या भिंतीवर आपटून सरळ पाइपात खाली उतरतो.

३. जुनी चूल घेताना काय बघायचं

दिवसा बघा, पण टॉर्च बरोबर न्या. चुलीच्या आत टॉर्च पेटवून ठेवा, दार लावा, वर अंगावरचा पंचा किंवा पोतं घेऊन अंधार करा आणि बाहेरून बघा कुठून उजेड येतोय. ओतीव लोखंडाची चीर अशीच सापडते. सांध्यांतून उजेड आला तर चालेल, ते फायर सिमेंटने (आगीत टिकणारं सिमेंट) बुजवता येतात. प्लेटच्या मधोमध चीर असेल तर घेऊ नका, ओतीव लोखंड वेल्डिंगला सहज दाद देत नाही, वेल्डिंगवाला हो म्हणाला तरी तापल्यावर शेजारून पुन्हा तडकतं.

दारात कागद अडकवून दार लावा आणि ओढा. सगळ्या बाजूंनी कागद घट्ट धरला पाहिजे, सहज निघाला तर दाराच्या कडेची फट बुजवणारी दोरी गेलीय. ती बदलता येते, काच-फायबरची दोरी मिळते. पण जुनी पांढरट-करडी दोरी ॲसबेस्टॉसची असू शकते, ती कोरडी खरवडू नका, पाण्याने चांगली भिजवून, मास्क लावून, ओलीच काढा आणि पिशवीत गाठ मारून घराबाहेर ठेवा. तिचे तंतू फुफ्फुसात गेले की निघत नाहीत.

आतली लाकूड ठेवायची जाळी आणि वरची आडवी प्लेट वाकडी झालीय का बघा. ह्या दोन गोष्टी नवीन करून घेता येतात, त्यांच्यासाठी चूल नाकारू नका, फक्त भाव पाडून घ्या.

गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने निघतो. जुना रंग खरवडताना पण मास्क, जुन्या रंगात शिसं असायचं. त्यावर उष्णता सहन करणारा ॲल्युमिनियम पेंट, डब्यावर किती अंशापर्यंत ते लिहिलेलं असतं, ६०० वाला घ्या. घरात बसवायच्या आधी अंगणात दोन-तीन फूट पाइप तात्पुरता उभा करून तीन छोट्या आगी करा, दरवेळी थोडी मोठी. रंग पहिल्या आगीत वास सोडतो, तो वास घरात नको, आणि काही तडकायचं असेल तर अंगणात तडकू दे.

४. पाइप: इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते

गावात जे मिळतं त्यातलं काय नको ते आधी सांगतो.

पांढरा जीआय पाइप नको. त्यावर जस्ताचा थर असतो, जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं, आणि चुलीच्या तोंडाजवळचा पाइप जोराच्या आगीत तेवढा तापू शकतो. त्याचा धूर अंगात गेला की ताप येतो.

सिमेंटचा पाइप पण नको. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा गावोगाव निर्धूर चुली बसल्या, त्यांचे सिमेंटचे पाइप अजून कुठे कुठे गोठ्यात पडलेले दिसतात आणि लोक म्हणतात हाच लावून टाक. तो साधारण ३-४ इंची असतो, त्या छोट्या मातीच्या चुलीसाठी ठीक होता, ६ इंची तोंडाला लावला तर चुलीचा गळा दाबल्यासारखं होतं. शिवाय लोखंडी चुलीच्या उष्णतेने तो तडकतो आणि त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं.

पाहिजे तो ३०४ ग्रेडचा स्टेनलेस स्टीलचा पाइप, पत्रा १ मिलिमीटरच्या आसपास. आता ट्रॅप ऐका, दुकानदार मॅग्नेट लावून दाखवतो, चिकटलं नाही म्हणजे ३०४. हे खोटं आहे, स्वस्तातलं २०२ पण मॅग्नेटला चिकटत नाही. स्टीलवाल्यांकडे टेस्टिंगचं एक लिक्विड असतं, त्याचा थेंब टाकला की २०२ वर रंग बदलतो, तुमच्यासमोर टाकायला लावा. आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. बिल जपून ठेवा, एवढा एकच कागद ह्या सगळ्या कामात लागतो.

पाइप बनवायला साधा खिडक्या-ग्रिलवाला न शोधता बेकरीच्या किंवा हॉटेलच्या भट्टीची धुराडी बनवणारा फॅब्रिकेशनवाला शोधा. मला धुळ्याला मिळाला, त्याला अर्ध्या गोष्टी सांगाव्याच लागल्या नाहीत.

पण एक गोष्ट त्यालाही सांगावी लागली. पाइपाचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे. सगळ्यांना उलटं वाटतं, धूर वर जातो म्हणून खालचा वरच्यात घालतात. पण पाइपात आतून ओलसर चिकट पाणी खाली उतरतं, ते बाहेर ओघळायला नको, आतल्या आत चुलीपर्यंत येऊन जळालं पाहिजे. पावसाच्या पाण्याचा पाइप जसा जोडतो तसाच. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू, सारख्या अंतरावर.

५. सामानाची यादी

दुकानात जाताना हे कागदावर लिहून न्या:

- ३०४ स्टीलचा ६ इंची पाइप, पूर्ण उंचीचा (तुमच्या चुलीच्या तोंडाचं माप घ्या, माझं नाही)
- एक टी (T आकाराचा पाइपाचा जोड), खाली उघडायच्या झाकणासकट, सफाईसाठी
- कमान बंद करायला २-३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा, आणि धुराड्याच्या वरच्या तोंडासाठी स्टीलचा पत्रा, दोन्हीला मधे गोल भोक
- टोपी
- फायर सिमेंट, फायर क्ले, काच-फायबरची दोरी
- सिरॅमिक वूल एक इंची (पाइपाची उष्णता धरून ठेवायला), नाहीतर त्याच कामासाठी वर्मिक्युलाइटचे दाणे (हे नर्सरीवाल्यांकडे पण मिळतात)
- ओळंबा, पाणसळ (लेव्हल), टेप, टॉर्च, तारेचा ब्रश, ड्रिल, स्टीलचे स्क्रू
- मास्क, हातमोजे, चांगली शिडी, आणि शिडी धरायला एक माणूस
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, बॅटरीवरचा, ऑनलाइन मिळतो

शेवटची वस्तू अनेक जण यादीतून काढतात. काढू नका.

६. चुलीची जागा

चूल कमानीच्या आत किंवा थोडी पुढे. खाली शहाबादी फरशी किंवा विटांचा थर, दाराच्या पुढे कमीत कमी दीड फूट फरशी पाहिजे कारण दार उघडलं की निखारा पडतोच. सारवलेली जमीन पेटत नाही पण तिच्यावर आपण गोणपाट, चटई, सरपणाचा ढीग ठेवतो, ते पेटतं.

चुलीच्या सगळ्या बाजूंनी लाकडी कपाट, फळी, सरा, दोरीवरचे कपडे ३ फूट लांब. उघड्या पाइपापासून दीड फूट लांब. आईची मसाल्याची लाकडी मांडणी कमानीच्या अगदी शेजारी होती, चाळीस वर्षं तिथेच, ती हलवायला तिला पटवण्यात दोन दिवस गेले पण हलवली.

चूल सपाट, लेव्हलमध्ये बसवा, पाणसळ लावून. तिरकी बसली तर दार नीट लागत नाही, वरचं पातेलं घसरतं.

७. आता बसवणी

पाइप वरून खाली सोडायचा. खालून वर ढकलायला जाऊ नका, आम्ही अर्धा दिवस घालवला. धाब्यावर दोघं, खाली एक. पहिला सगळ्यात खालचा तुकडा, ज्याला टी आहे तो खाली कमानीत आधीच टेकवून ठेवा, मग वरचे तुकडे एकेक जोडून सोडत जा. पाइपाच्या भोवती सिरॅमिक वूल गुंडाळूनच सोडा, तारेने बांधून. पाइप गरम राहिला की धूर गरम राहतो, धूर गरम राहिला की ओढ राहते आणि काजळी कमी धरते. वूल अंगाला खाजतं, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

वर्मिक्युलाइट वापरणार असाल तर पाइप उभा झाल्यावर वरून ओता. पोकळीत भुसा, चगाळ, राख असलं काही भरू नका. राखेला ओल लागली की ती स्टील खाते, आणि भुश्याचं तर सांगायलाच नको.

चूल ते टी हा आडवा तुकडा जितका छोटा तितका चांगला, आणि त्याला चुलीकडून धुराड्याकडे चढ द्या, फुटाला पाव इंच तरी. अगदी सपाट ठेवला तर तिथे राख बसते. काटकोनी बेंड पूर्ण वाटेत दोनपेक्षा जास्त नकोत.

मग कमान पत्र्याने बंद करायची, पाइपाभोवतीची फट दोरी आणि फायर सिमेंटने. हा पत्रा स्क्रूने बसवा, कायमचा चिणून टाकू नका, वर्षातून एकदा उघडावा लागतो. साधं सिमेंट चुलीच्या जवळ कुठेच वापरू नका, दोन थंड्यांत त्याचा भुगा होतो.

वरच्या तोंडाला पत्रा बसवताना पाइप त्यात आवळून टाकू नका. साडेचार मीटरचा स्टीलचा पाइप ३०० अंशांनी तापला तर साधारण २ सेंटिमीटर लांब होतो, त्याला वर सरकायला वाव पाहिजे, दोन्हीकडून पक्का केला तर तो चुलीला खाली दाबतो नाहीतर जोड उघडतो. पाइपाला गळपट्टी लावा जी पत्र्यावर छत्रीसारखी येईल, म्हणजे पाणी आत नाही जाणार आणि पाइप सरकेल. धाब्याला दरवर्षी पांढरी माती टाकता तेव्हा धुराड्याच्या बुडाशी जास्त टाकून चांगली चोपा, गळती तिथूनच होते.

टोपी साधी छत्रीसारखी, पाइपाच्या तोंडापासून निदान ३ इंच वर. पारव्यांसाठी जाळी लावायची तर अर्ध्या इंचाच्या भोकांची, बारीक जाळी महिन्याभरात काजळीने बुजते आणि मग धूर घरात.

८. हवा आत यायला पाहिजे

लोकांच्या हे डोक्यातच येत नाही. धुराड्यातून जेवढी हवा वर जाते तेवढी कुठून तरी आत आली पाहिजे. जुन्या घरात फटी असायच्या, वर सानं (धाब्यातलं उजेडाचं भोक) उघडं असायचं. आता आपण खिडक्यांना काचा लावल्या, दाराखाली पट्टी लावली. चुलीजवळच्या भिंतीत खालच्या बाजूला एक वीतभर झरोका ठेवा आणि तो थंडीत बोळा कोंबून बंद करू नका. आणि एक्झॉस्ट फॅन चुलीच्या वेळी चालू करायचा नाही, फॅन खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि तिची जागा भरायला धूर पाइपातून उलटा खाली येतो. आमच्या स्वयंपाकघरातला फॅन मी स्विचपासूनच काढून टाकला.

अलार्म झोपायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात, पण चुलीच्या डोक्यावर नको.

९. पहिली आग आणि रोजची आग

पाइप थंड असतो तेव्हा आतली थंड हवा खाली बसलेली असते. आधी एक वर्तमानपत्राचा बोळा टीच्या झाकणातून किंवा चुलीत अगदी मागे धुराच्या तोंडाजवळ पेटवा, झाकण लावा, पाइपात भुर्र आवाज आला की ओढ सुरू झाली. मग बारीक काड्या, मग लाकूड.

सुरवातीचे आठ दिवस छोटी आग. फायर सिमेंट हळूहळू सुकतं, घाई केली तर फुगून निघतं.

रात्रभर निखारा राहावा म्हणून हवेची झडप पूर्ण दाबून, ओंडका कोंबून झोपायची सवय नको. आग गुदमरली की धूर थंड आणि चिकट होतो आणि विषारी वायू पण जास्त. मी आधी हेच करत होतो. संध्याकाळी मोकळी, जिवंत आग करा, जेवणं झाली की निखारा विझू द्या.

सरपणाचं म्हणाल तर आपल्या भागात पऱ्हाट्या आणि तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या) भरपूर, पण त्या भरकन जळतात, पेटवायला उत्तम, भाकरीला ठीक, उबेला नाही. उबेला बाभूळ, बोर. बांधावरची छाटणी माघ-फाल्गुनात करून, फोडून, जमिनीपासून वर रचून ठेवा, आपला उन्हाळा लाकूड असं वाळवतो की दुसरीकडच्यांना वर्ष लागतं ते इथे बरंच लवकर होतं, फक्त पावसाळ्यात वरून झाका आणि बाजू उघड्या ठेवा. वाळलेली दोन लाकडं एकमेकांवर आपटली की ठणठण वाजतात, ओली असतील तर बद्द आवाज. ओलं लाकूड जाळलं की काजळी धरलीच समजा. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक चुलीत अजिबात नाही. दाणे काढलेली मक्याची कणसं चालतात, कोरडी असतील तर.

आणि भरीत ह्या चुलीवर करायला जाऊ नका. वांगं भाजायचं ते अंगणात, काड्यांच्या उघड्या जाळावर, बंद चुलीत तो वास वांग्याला लागत नाही आणि झाकण काढून ठेवलं तर ओढ बिघडते. आमच्याकडे भरताचा बेत असला की आई अजूनही बाहेर तीन दगड मांडते.

१०. सफाई, आणि पाइपात आग लागली तर

सीझनमध्ये महिन्यातून एकदा टीचं झाकण उघडून टॉर्च मारा. पाइपाच्या आत नखाने किंवा काडीने खरवडा, थर ३ मिलिमीटर झाला असेल तर सफाई लगेच. भुरभुरीत काळी काजळी ब्रशने निघते, चकचकीत डांबरासारखा थर असेल तर समजा लाकूड ओलं आहे किंवा आग गुदमरतेय, नुसती सफाई करून उपयोग नाही, कारण आधी दुरुस्त करा. ब्रश पाइपाच्या मापाचा, दोन्ही बाजूंना दोरी बांधलेला, एक जण वर एक जण खाली. दोरीला दगड बांधून आपटत सोडणं ही जुनी पद्धत विटांच्या धुराड्याला होती, स्टीलच्या पाइपाला ती नको. आम्ही दोन मोठ्या सफाया करतो, एक दिवाळीच्या आधी चूल सुरू करताना आणि एक होळीनंतर बंद करताना, दुसरी जास्त महत्त्वाची कारण काजळी पाइपात राहिली आणि पावसाळ्यात ओल धरली की तिचं आम्ल तयार होतं आणि पाइप खायला लागतं. पावसाळ्यात पाइपाच्या तोंडात बोळा घाला, पण घातलाय हे चुलीच्या दाराला चिठ्ठी बांधून लिहून ठेवा.

पाइपातली काजळी पेटली तर आवाज येतो, जवळून रेल्वे गेल्यासारखा घरघर, पाइप लाल व्हायला लागतो, वर टोकातून ठिणग्या उडतात. तेव्हा:

चुलीचं दार आणि हवेची झडप लगेच घट्ट बंद करा. सगळ्यांना घराबाहेर काढा. १०१ किंवा ११२ ला फोन करा. पाइपात किंवा चुलीत पाणी ओतू नका, तापलेलं ओतीव लोखंड फुटतं आणि वाफेचा भडका अंगावर येतो. चुलीत वाळू किंवा कोरडी माती टाकता आली तर टाका. कुणाला सुरक्षित चढता येत असेल तर शेजारच्या गच्चीवरून आजूबाजूचा कडबा, चारा, लाकडं भिजवा, आमच्याकडे निम्म्या घरांच्या धाब्यावर कडबा रचलेला असतो.

आग विझली तरी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पण चूल पेटवू नका. कमानीचा पत्रा काढा, पाइप वरपासून खालपर्यंत टॉर्चने बघा, जोड उघडलेत का, स्टील वाकलंय का, आणि सरे जिथे धुराड्याजवळून जातात तिथे हात लावून बघा गरम लागतंय का, कारण लाकूड आत धुमसत राहिलं तर ते कित्येक तासांनी पेटतं. रात्री एक माणूस जागा ठेवा.